लेक फारशी बोलत नाही, तरी म्हणते सायकॉलॉजीच करणार!

ताई, नमस्कार. डिचोलीहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. लेक बारावी सायन्सला, मॅथ्स चांगलं, जेईईचा फॉर्मही भरलाय आणि आता एकदम म्हणते मला सायकॉलॉजी करायचंय, त्यावर तिचा मामा म्हणतो की पाहुणे आले की आतल्या खोलीत पळणारी पोरगी लोकांची मनं काय ओळखणार, आणि तुम्हालाही मनातून तसंच वाटतंय. बरोबर ना?

मामाचं अगदीच चुकतंय असं नाही, समुपदेशन करायचं तर बोलावं लागतंच. पण पाहुण्यांशी हवापाण्याच्या गप्पा वेगळ्या आणि समोरच्याचं शांतपणे ऐकून घेणं वेगळं, दुसरं शिकता येतं आणि ते कमी बोलणाऱ्यांना बऱ्याचदा चांगलं जमतं. मला तर तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलेलं जास्त महत्त्वाचं वाटलं. बाबांच्या दुकानात गल्ल्याजवळ बसून तिनं वहीत टिपून ठेवलंय की ज्याला उधारीवर माल न्यायचा असतो तो आधी काहीतरी रोखीनं घेतो, काडेपेटी नाहीतर साबणाची वडी, आणि मग हळूच म्हणतो, "तांदूळ पण दे, मांडून ठेव." बाबा इतकी वर्षं दुकान चालवतायत, त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं म्हणता. अहो, निरीक्षण म्हणतात ते हेच! बडबडं पोर गल्ल्यावर असतं तर गिऱ्हाइकाशी गप्पांतच रमलं असतं.

आता हेही सांगते, तिला काय घडतं ते दिसलं, का घडतं ते नाही. लाज वाटते म्हणून? की साबण शेजारणीनं पैसे देऊन मागवलेला? गल्ल्यामागून हे कळत नाही, तिथं ते बडबडं पोरच लागतं जे सरळ जाऊन विचारेल, आणि ज्याच्या घरचा महिना उधारीवर निघतो असं तिसरं कुणी असेल तर ते कदाचित ऐकल्या ऐकल्या कारण सांगेल. सगळे एकाच पठडीतले जमले की सगळ्यांना एकच दिसतं आणि सगळे एकमेकांना माना डोलावतात.

खुद्द सायकॉलॉजीचंच असं झालंय बघा. जेफ्री आर्नेट या मानसशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये अमेरिकेतल्या सहा मोठ्या जर्नल्समधले अभ्यास तपासले तर ज्यांच्यावर प्रयोग झाले त्यातले 96 टक्के लोक पाश्चात्त्य, औद्योगिक देशांतले, जिथं जगातली जेमतेम 12 टक्के माणसं राहतात, आणि त्यातही कॉलेजच्या मुलांचा भरणा, कारण ती प्रोफेसरांना आयती मिळतात. पुढं 2010 मध्ये जोसेफ हेनरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर मोठा पेपर लिहिला. टोकांना उलटसुलट बाण काढलेल्या दोन सारख्या रेघा असतात ना, ज्यातली एक लांब वाटते, त्याला अमेरिकन विद्यार्थी सपशेल फसतात आणि आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातले सान लोक जवळजवळ फसतच नाहीत. म्हणजे साधी रेघ बघण्यातसुद्धा फरक, मग राग, लाज, उधारी यांचं काय घेऊन बसलात.

आणि आपल्याला लांब कशाला जायला हवं, पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी संमोहनाचा अभ्यास करणाऱ्या आबे फारियांचा पुतळा आहे, कदंबाच्या बसमधून उतरून कितीदा बघितला असेल तुम्ही. 1756 सालचा कांदोळीचा जन्म, शिक्षण पाद्रीचं, डॉक्टर वगैरे नव्हेत. प्रवचनाला उभे राहिले आणि शब्दच फुटेना, तेव्हा बापानं हळूच "कातर रे भाजी" म्हटलं, म्हणजे समोरचे सगळे भाजीपाला समज आणि काप, आणि गाडी सुरू झाली, ही गोष्ट गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहे, खरीखोटी देव जाणे. त्या काळात युरोपात मेस्मर या डॉक्टरच्या चुंबकी प्रवाहाची चलती होती, म्हणजे उपचार करणाऱ्याच्या अंगातून अदृश्य प्रवाह निघतो आणि त्यानं समोरचा झोपेसारख्या अवस्थेत जातो असं मानत, आणि ह्या माणसानं पॅरिसात जाऊन सांगितलं की प्रवाहबिवाह काही नाही, जे होतं ते झोपणाऱ्याच्या मनात, सूचनेमुळे होतं. सगळे बघत होते मेस्मरवाल्याच्या हाताकडे, हे बघत होते समोरच्या माणसाकडे. बाहेरून आल्याचा त्यांना फायदाच झाला असं मला तरी वाटतं.

अलीकडचं सांगायचं तर गोव्यातल्याच 'संगाथ' संस्थेचं काम बघा. नैराश्य आणि चिंतेच्या पेशंटना मदत करायला त्यांनी सायकॉलॉजीची डिग्री नसलेली इथलीच माणसं ट्रेन केली, आणि 2010 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये रिझल्ट आले, सरकारी आरोग्य केंद्रांत चांगला फरक पडला, खाजगी दवाखान्यांत मात्र तसा दिसला नाही. हा दुसरा भाग मला जास्त आवडतो, कारण वेगळी माणसं आणून बसवली की सगळीकडे जादू होते असं नसतं, कुठं उपयोग होतो तेही तपासावं लागतं, आणि तपासायला तुमच्या लेकीसारखी आकड्यांना न घाबरणारी पोरं लागतात. सायकॉलॉजी घेणारी निम्मी मुलं स्टॅटिस्टिक्स आलं की रडकुंडीला येतात, ही येणार नाही.

तर माझं स्पष्ट मत, घेऊ दे सायकॉलॉजी, पण मॅथ्स तोडू नका. मिरामारचं धेंपे, मडगावचं चौगुले, नुवेचं कार्मेल, इथं सायकॉलॉजी आहे, तुम्हाला डिचोलीहून धेंपे बरं पडेल. आता मेजर-मायनर आलंय, म्हणजे एक मुख्य विषय आणि जोडीला एक दुय्यम, तेव्हा जोडीला स्टॅटिस्टिक्स किंवा इकॉनॉमिक्स मिळतं का ते विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर पोस्ट ग्रॅज्युएशननंतर आणखी शिकून आरसीआयचं, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं रजिस्ट्रेशन लागतं, वर्षं जातात, पैसाही जातो, ते आधीच घरात बोलून घ्या. रिसर्च, डेटा, यूएक्स (म्हणजे ॲप, वेबसाइट वापरणाऱ्याला सोपी जावी हे बघणं) ह्या वाटांना ते लागत नाही. पहिला पगार इंजिनियर चुलतभावापेक्षा कमी असू शकतो, मामा त्यावरून टोमणे मारणारच, तयारी ठेवा. फॉर्म भरलाय तर जेईई देऊ दे, नुकसान काही नाही. मायनरचे विषय प्रत्येक कॉलेजात वेगळे असतात, म्हणून लेकीला घेऊन ऑफिसात जा, प्रॉस्पेक्टस बघा, कुणी सांगितलं म्हणून ॲडमिशन घेऊन मोकळे होऊ नका.