गेस्ट येतात, मेंबर होत नाहीत: टोस्टमास्टर्स क्लबची गळती नेमकी कुठे असते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टोस्टमास्टर्स या भाषण करायला शिकण्याच्या क्लबांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा पुण्यातला कम्युनिटी (कुणालाही खुला) क्लब, महिन्यातून दोन शनिवार मीटिंग. दोन वर्षांपूर्वी २८ मेंबर होते, आज यादीत १४ आणि हजर आठ-नऊ. दर मीटिंगला दोन-तीन गेस्ट येतात, ‘मस्त वाटलं’ म्हणतात आणि परत दिसत नाहीत. मग ओपन हाउस (नव्या लोकांसाठी खास खुली मीटिंग) घ्यावं, की इन्स्टाग्रामवर पैसे घालून जाहिरात करावी?

सध्या दोन्ही नको. महिन्याला पाच गेस्ट येतात म्हणजे गेस्ट कमी पडत नाहीयेत. त्यातला एक जरी टिकला तरी वर्षाला बारा नवे मेंबर होतात. आधी भाषणांचं गणित मांडा.

महिन्याला दोन मीटिंग आणि प्रत्येकीत दोन तयार भाषणं, म्हणजे महिन्याला चार. मेंबर १४. एकाची पाळी साडेतीन महिन्यांनी येते. पाथवेज या टोस्टमास्टर्सच्या अभ्यासक्रमातली पहिली लेव्हल पुरी करायला किमान चार भाषणं लागतात, म्हणजे लेव्हल वनलाच वर्ष उलटून जातं. आणि तुम्ही २८ होतात तेव्हा पाळी यायला सात महिने लागत असणार! पैसे भरून सात महिने टाळ्या वाजवायला कोण बसेल? क्लब फुगला की मेंबर गळतात त्याचं हे सगळ्यात साधं कारण, आणि बहुतेक कमिट्या त्याचं खापर ‘लोकांमध्ये कमिटमेंट नाही’ यावर फोडतात. तेव्हा मेंबर वाढवण्याआधी भाषणाच्या जागा वाढवा. तिसरं भाषण घालायला इव्हॅल्युएशन (भाषणावरचा अभिप्राय) धरून साधारण अकरा मिनिटं लागतात: सात भाषणाची, एक लेखी फीडबॅकची, तीन इव्हॅल्युएटरची. ही अकरा मिनिटं कुठून काढायची? उशिरा सुरू होण्यातून आणि बक्षिसाच्या प्रत्येक रिबनच्या फोटोतून. फोटो चहाच्या वेळी काढले तरी चालतात.

आता गेस्टकडे या. टोस्टमास्टर्सच्या वेबसाइटवर ‘क्लब शोधा’मध्ये तुमच्या क्लबची नोंद आजच उघडून बघा. तिथे बहुतेकदा दोन वर्षांपूर्वीच्या पीआरवाल्याचा नंबर असतो आणि हॉल बदलल्यावर पत्ता बदललेला नसतो. आदल्या संध्याकाळी गेस्टला लोकेशन पिन, सोसायटीच्या गेटवर काय सांगायचं आणि गाडी कुठे लावायची, एवढं पाठवा. सार्जंट अॅट आर्म्सने (हॉलची व्यवस्था बघणाऱ्याने) पंधरा मिनिटं आधी दारात उभं राहायचं, खुर्च्या त्याआधी लावून झालेल्या हव्यात. गेस्ट आल्यावर त्याच्या शेजारी एक मेंबर बसवा, शक्यतो सहा-आठ महिन्यांचा जुना. तो हळूच सांगेल की टायमरने हिरवं कार्ड का दाखवलं, ‘अह काउंटर’ (बोलताना येणारे ‘अं’, ‘अह’ टिपणारा) काय मोजतोय. नाहीतर नवख्या माणसाला तो सगळा प्रकार परक्या घरच्या पूजेसारखा वाटतो: सगळे एकदम उभे राहतात, एकदम टाळ्या वाजवतात, आणि आपल्याला मेलं काही कळत नाही.

टेबल टॉपिक्सला (आयत्या वेळी मिळालेल्या प्रश्नावर बोलायच्या फेरीत) गेस्टला अचानक उभं करू नका. मीटिंगआधी कानात विचारा, ‘एक-दोन मिनिटं बोलाल का? नको असेल तर अजिबात हरकत नाही.’ हो म्हणाला तर प्रश्न साधा ठेवा. ‘तुमच्या गल्लीतलं कोणतं दुकान बंद पडू नये असं वाटतं?’ यावर कुणीही मिनिटभर बोलतो. ‘शांतता जर रंग असती तर?’ यावर कंपनीतला ट्रेनरसुद्धा गडबडतो. आणि शेवटी अह काउंटरने ‘गेस्टनी सात वेळा बेसिकली म्हटलं’ असं वाचून दाखवायचं नाही. गेस्टचा आकडा वाचायचाच नाही.

फॉर्म भरला जातो तो चहाच्या पंधरा मिनिटांत. तेव्हा व्हीपी मेंबरशिपने (नव्या मेंबरांचं काम बघणाऱ्या पदाधिकाऱ्याने) एकच प्रश्न विचारायचा: कशासाठी आलात? इंटरव्ह्यू, प्रमोशन, इंग्रजीची धास्ती, मुलीच्या लग्नात दोन शब्द बोलायचेत, जे असेल ते वहीत लिहायचं. ते उत्तर पुढे वर्षभर उपयोगी पडतं. चोवीस तासांत गेस्टला स्वतंत्र मेसेज जाऊ दे, त्यात पुढच्या मीटिंगची तारीख आणि एखादं छोटं काम. पंचवीस पानी पीडीएफ नको, आणि न विचारता व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये तर मुळीच ओढू नका. दुसऱ्यांदा आला की सरळ विचारा, ‘फॉर्म भरूया का?’ हे वाक्य कित्येक क्लबांत कुणी उच्चारतच नाही. संकोच.

पैशाचं मात्र पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगा, रुपयांत आणि एकूण. ऑक्टोबर २०२३ पासून सहामाही ड्यूज (संस्थेची वर्गणी) ६० डॉलर आहेत, शिवाय नव्या मेंबरचे एकदाच २० डॉलर, आणि वर तुमच्या हॉलचं भाडं. (सांगण्याआधी ताजे दर वेबसाइटवर बघून घ्या, रुपयाचा भावही रोज हलतो.) सहामाही १ ऑक्टोबर आणि १ एप्रिलला सुरू होते, मधे येणाऱ्याला उरलेल्या महिन्यांपुरतेच ड्यूज पडतात. इथेच घोळ होतो. फेब्रुवारीत आलेला माणूस दोन महिन्यांचे २० आणि प्रवेशाचे २० असे ४० डॉलर भरतो, आणि मार्चअखेर खजिनदार त्याच्याकडे आणखी ६० मागतो. त्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि त्याचं चुकत नाही. फॉर्म भरतानाच दोन्ही आकडे कागदावर लिहून द्या. जमलं तर दोन्ही रकमा एकदमच घ्या.

फॉर्म भरल्यापासून तीन आठवड्यांत आइसब्रेकर, म्हणजे पहिलं भाषण, व्हायला हवा. चार ते सहा मिनिटं, विषय स्वतःच. तारीख फॉर्मसोबतच ठरवा. ‘तयारी झाली की सांगतो’ म्हणणाऱ्याची तयारी कधीच होत नाही. मेंटॉर त्याच दिवशी द्या. त्याने भाषणाआधी दोनदा फोन करायचा, एकदा मुद्दे ऐकायला आणि एकदा पूर्ण भाषण घड्याळ लावून ऐकायला. इव्हॅल्युएटर निवडताना व्हीपी एज्युकेशनने (भाषणांचं वेळापत्रक बघणाऱ्या पदाधिकाऱ्याने) डोकं वापरावं. स्पर्धा गाजवणारे काही जण तीन मिनिटांत अकरा चुका काढतात आणि ‘आणि–पाणी’ची खिल्लीही उडवून जातात. माणूस हसतो, घरी जातो, परत येत नाही. नुसतं ‘वा, सुंदर’ म्हणणाराही नको, कारण शिकायला आलेल्याला ते कळतं. एक गोष्ट नेमकी चांगली सांगा (‘आजीच्या डब्याचा प्रसंग सांगताना तुम्ही थांबलात, तिथे हॉल शांत झाला’), आणि पुढच्या भाषणासाठी एकच बदल.

रोलचा तुटवडा हे तुमचं दुसरं दुखणं. तीन भाषणांच्या मीटिंगला तीन वक्ते, तीन इव्हॅल्युएटर, टोस्टमास्टर ऑफ द डे (सूत्रसंचालक), टेबल टॉपिक्स मास्टर, जनरल इव्हॅल्युएटर (सगळ्या मीटिंगवर अभिप्राय देणारा), टायमर, ग्रामेरियन (भाषेकडे लक्ष ठेवणारा) आणि अह काउंटर असे बारा जण लागतात. हजर नऊ. मग शुक्रवारी रात्री ग्रुपवर ‘प्लीज कुणीतरी टायमर घ्या’ची आळवणी, आणि तेच चार जण दोन-दोन रोल करून थकतात. पुढच्या तीन मीटिंगचं वेळापत्रक एकदम लावा. ग्रुपवर विचारणा नको, माणसागणिक फोन. ग्रामेरियन आणि अह काउंटर एकत्र करा. टायमर नव्या मेंबरला द्या, बोलणं कमी आणि मीटिंग आतून कळते.

रिन्यूअलचं वेळापत्रक आपल्या कॅलेंडरशी भांडतं. ऑक्टोबरचे ड्यूज मागायचे दिवस म्हणजे गणपती, पितृपक्ष, नवरात्र. एप्रिलचे मागायचे तेव्हा मार्च एंडिंग आणि मुलांच्या परीक्षा. नेमक्या याच काळात क्लब एखाद-दुसरी मीटिंग रद्द करतात, आणि महिनाभर न आलेल्या माणसाला थेट पैशाचा मेसेज जातो. त्याऐवजी त्या आठवड्यात तासाभराची ऑनलाइन मीटिंग घ्या, पण सोडू नका. सप्टेंबर आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात डळमळीत मेंबरांची यादी करा, वहीतलं ‘कशासाठी आलात’चं उत्तर काढा आणि त्यांना पुढच्या सहामाहीतली भाषणाची तारीख द्या. ज्याचं भाषण ऑक्टोबरच्या दुसऱ्या मीटिंगला लागलंय, तो सप्टेंबरात पैसे भरतो.

आठ पेड मेंबर, त्यातले तीन तरी जुने, ही क्लब चालू राहायची किमान अट. तुम्ही १४ असलात तरी सहा जण गेले की काठावर. डिस्टिंग्विश्डसाठी (क्लबला मिळणाऱ्या वार्षिक मानासाठी) ३० जूनला भाऊ-वहिनी-ऑफिसमित्र असे कागदी मेंबर भरायचा मोह टाळा. ऑक्टोबरात ते सगळे एकदम गळतात आणि नव्या कमिटीला पहिल्याच सहामाहीत खड्डा मिळतो.

ओपन हाउस घ्या, पण नंतर. तिसरं भाषण सुरू झालं आणि दोन महिने वेळापत्रक टिकलं की मग. चॅम्पियन वक्त्याला बोलावू नका, त्याला ऐकून नवखा ‘हे आपल्याला जमणार नाही’ म्हणत घरी जातो. नेहमीचीच मीटिंग दाखवा, आणि त्यात सहा महिन्यांपूर्वी थरथरत उभ्या राहिलेल्या एखाद्याचं तिसरं-चौथं भाषण ठेवा.