लिंगाच्या ताठरतेसाठी नवं इंजेक्शन, ट्रायलमध्ये जाऊ का? तुमचे प्रश्न

प्रश्न: गोळ्या लागू पडत नाहीत. नव्या इंजेक्शनच्या ट्रायलला नाव देऊ का?

आधी विचारा, फेज, म्हणजे चाचणीचा टप्पा, कुठला. फेज १ म्हणजे मुख्यतः डोस किती झेपतो, त्रास काय होतो एवढंच बघतात, तुम्हाला गुण येईल ही अपेक्षाच ठेवू नका. आणि जुनं इंजेक्शन घेऊन बघितलंय का? अल्प्रोस्टॅडिल अमेरिकेत १९९५ लाच मंजूर झालं, व्हायाग्राच्या ३ वर्षं आधी, आणि गोळ्यांनी काहीच होत नाही अशा बऱ्याच जणांना ते चालतं. सुई म्हटलं की लोक पळतात, दुसरं काय!

प्रश्न: निम्म्या लोकांना नुसतं सलाईन टोचणार म्हणे. ही फसवणूक नाही का?

नाही हो, खरी फसवणूक तिथे असते जिथे औषधाची सलाईनशी अशी तुलनाच नसते. या तक्रारीत मनाचा वाटा मोठा असतो, काहीतरी भारी टोचलंय या भरवशावरच कित्येकांना फरक पडतो. शिवाय मोजमाप बहुतेक प्रश्नावलीवर, म्हणजे तुम्हीच सांगणार कसं चाललंय ते. पीआरपीचंच बघा, स्वतःच्या रक्तातल्या प्लेटलेट्स काढून तिथे टोचतात, जाहिराती तर विचारूच नका, पण मायामीतल्या २०२३ च्या ट्रायलमध्ये ते प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नुसत्या इंजेक्शनपेक्षा, सरस ठरलंच नाही. म्हणून कोणी 'ट्रायल आहे' म्हणत बक्कळ पैसे मागत असेल तर सरळ विचारा, एथिक्स कमिटीची (चाचणी नीतीला धरून आहे का ते तपासणाऱ्या समितीची) परवानगी दाखवा, ट्रायलचा नोंदणी क्रमांक द्या, काही बिघडलं तर उपचाराचा खर्च कोण करणार? उत्तर देताना अडखळले तर उठून या.

प्रश्न: असली औषधं पहिल्यांदा कोणावर टेस्ट करतात?

आता आधी प्राण्यांवर, मग थोड्या माणसांवर. पण १९८३ साली लास व्हेगासला जाइल्स ब्रिंडली नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने स्वतःला इंजेक्शन देऊन, भर परिषदेत पँट उतरवून डॉक्टरांना रिझल्ट दाखवला होता! आज कुठलीच कमिटी हे चालवून घेणार नाही.

प्रश्न: दुखतं का?

सुई बारीक असते, लिंगाच्या बाजूला टोचतात, टोचणं फार जाणवत नाही. अल्प्रोस्टॅडिलने नंतर ठणका लागू शकतो.

प्रश्न: ताठरता उतरलीच नाही तर?

४ तास झाले की इमर्जन्सी, लाजत घरी बसायचं नाही. आत रक्त साचून ऑक्सिजन संपतो आणि उशीर केला तर कायमचं नुकसान होतं. ट्रायलवाल्यांचा रात्री-बेरात्री उचलला जाणारा नंबर पहिल्या डोसआधीच घ्या, आणि इमर्जन्सीतल्या डॉक्टरला कुठलं इंजेक्शन, किती वाजता घेतलं ते सगळं स्पष्ट सांगा.