वकील गैरहजर म्हणून हायकोर्टाने आमचं अपील फेटाळलं. पुण्यातली जमीन गेली का?

अजून नाही. अपील पुन्हा दाखल करून घेण्याचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयातच करता येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 41, नियम 17 पाहा: अपीलकर्ता हजर नसेल तर कोर्ट अपील काढून टाकू शकतं, पण गुणदोषांवर फेटाळू शकत नाही. म्हणजे तुमचा मुद्दा तपासलाच गेलेला नाही. अर्ज नियम 19 खाली, मुदत फेटाळल्यापासून 30 दिवस. उलटली असेल तर विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडा. गैरहजेरीचं कारण मात्र कोर्टाला पटायला हवं, 'वकील आले नाहीत' एवढ्यावर भागेलच असं नाही. आणि तोवर खालच्या कोर्टाचा हुकूमनामा कायम असतो, तेव्हा स्थगिती वेगळी मागा.