जर्मन ग्राहकाने मानवाधिकार धोरण मागितलंय, सुरुवात कुठून करू?

आमचंही असंच झालं होतं. चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी एचआरमध्ये होतो. जर्मनीचा पुरवठा साखळीचा कायदा, म्हणजे माल पुरवणाऱ्यांकडेही मानवाधिकार पाळले जातात का ते बघा असं सांगणारा, १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. तो तिकडच्या मोठ्या कंपन्यांना लागू, पण त्या आपल्यासारख्या पुरवठादारांकडून लिहून घेतात.

पहिला मसुदा मी एका दुपारी उरकला. दुसऱ्या कंपनीचं धोरण उघडलं, नाव बदललं, झालं. साहेबांची सही घेतली आणि इंग्रजी पान लॅमिनेट करून कँटीनबाहेर लावलं. तपासणीला आलेल्या ऑडिटरने त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पॅकिंगमधल्या एका कंत्राटी पोराला बाजूला घेऊन विचारलं, 'तुझं एटीएम कार्ड कुठंय?' ते ठेकेदाराकडे होतं. तक्रारपेटी होती म्हणा, पण आमच्याच दाराशेजारी, कॅमेऱ्याच्या बरोब्बर खाली!

म्हणून सांगतो, आधी लिहायला बसू नका. कंत्राटी कामगार, सफाईवाल्या बायका, वॉचमन यांच्याशी बोला, सुपरवायझर आसपास नसताना. युनियन असेल तर तिलाही बसवा. आमच्या दुसऱ्या मसुद्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य अशा गप्पांतूनच आलं: 'ठेकेदाराने कामगाराचं कार्ड किंवा कागदपत्रं स्वतःकडे ठेवायची नाहीत.' हेच वाक्य ठेकेदाराच्या करारातही घातलं, नाहीतर बिल अडेल या अटीसकट. अट नसती तर त्याने ऐकलं नसतं.

चौकट हवी असेल तर संयुक्त राष्ट्रांची २०११ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यातलं सोळावं वाचा. वरिष्ठांची मंजुरी, जाणकारांचा सल्ला, कर्मचारी आणि भागीदारांकडून नेमकी अपेक्षा, सर्वांना खुलं असणं आणि रोजच्या कारभारात उतरणं, एवढंच ते मागतं. कंपनी बाजारमूल्याने शेअर बाजारातल्या पहिल्या हजारांत असेल तर सेबीच्या बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता) अहवालातही धोरण संचालक मंडळाने मंजूर केलंय का, ते वेबसाइटवर कुठे आहे, हे भरावं लागतं.

पोचवण्याचं म्हणाल तर वेबसाइट ग्राहकासाठी. आमची निम्मी पोरं बिहार-ओडिशाची. हिंदी आणि ओडियात दोन-दोन मिनिटांचे ऑडिओ करून व्हॉट्सॲपवर टाकले, पाळी बदलताना गेटवर दहा मिनिटं बोललो. तक्रारीसाठी कंपनीबाहेरच्या माणसाचा नंबर दिला.

पहिल्या महिन्यात एकच फोन आला. दुसऱ्या पाळीत बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप असायचं आणि चावी वॉचमनकडे मागावी लागायची. तीन वर्षं मी रोज त्या दारावरून जात होतो.