नडगीच्या दुखण्याने सराव तुटला असताना पाच आठवड्यांवर आलेली हाफ मॅरेथॉन धावावी का?

तुमच्या प्रश्नाचा आशय मला असा समजला : तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहता, पोलीस भरतीच्या निमित्ताने धावू लागलात, भरतीचा विषय मागे पडल्यावर नागपूरच्या एका हाफ मॅरेथॉनसाठी नाव नोंदवले, अंतर वाढवताच दोन्ही नडग्या दुखू लागल्या आणि गेले तीन आठवडे धावणे बंद आहे. आता पाच आठवडे उरले असताना शर्यत सोडावी की धावावी, बुडालेला सराव कसा भरून काढावा आणि नोंदणीचे पैसे वाया जाणार का, असे तुम्ही विचारले आहे.

धावावे की नाही, हे तुमची नडगीच ठरवील आणि तिला ते कसे विचारायचे हे पुढे लिहितो. बुडालेला सराव मात्र भरून काढायचा नसतो. तो सोडून द्यायचा असतो. मी डॉक्टर किंवा प्रशिक्षक नाही. वर्धा जिल्ह्यात एका जिनिंगमध्ये हिशेबाचे काम करतो आणि हौस म्हणून अनेक वर्षे धावतो आहे. नेमक्या शर्यतींच्या दिवसांत आमच्याकडे कापसाचा हंगाम भरात असल्यामुळे सराव तुटणे म्हणजे काय, हे मला दरवर्षी नव्याने कळते.

दुखण्याचे मूळ मला तुमच्या भरतीच्या सवयीत दिसते. मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. पुरुष उमेदवाराला पूर्ण गुण हवे असतील तर १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत संपवावे लागतात, म्हणजे किलोमीटरला साधारण सव्वातीन मिनिटे. त्यामुळे आपल्याकडची मुले पहाटे डांबरी रस्त्यावर उतरतात ती घड्याळ लावूनच, आणि रोजची धाव ही रोजची परीक्षाच असते. सोळाशे मीटरपुरते हे चालून जाते. हाफ मॅरेथॉन मात्र २१.०९७५ किलोमीटरची असते, आणि तिचा सराव त्याच त्वेषाने करू गेल्यास फुप्फुसे तक्रार करत नाहीत, हाडे करतात.

याचे कारण समजून घेतले की पुढचे सगळे पथ्य आपोआप पटते. नव्या भाराला तोंड देण्यासाठी हाड स्वतःची पुनर्बांधणी करते. पण कुडाच्या भिंतीला नवे लिंपण देण्याआधी जुने पोपडे खरवडावे लागतात, तसे शरीर आधी हाडाचा जुना भाग काढून टाकते आणि मग तेथे नवे हाड भरते. काढण्याचे काम काही आठवड्यांत उरकते, भरण्याला मात्र काही महिने लागतात. त्यामुळे सराव वाढवल्यानंतरच्या पहिल्या महिन्या-दीड महिन्यात दम वाढलेला असतो, वेग वाढलेला असतो आणि नडगीचे हाड मात्र तात्पुरते कमकुवत असते. स्नायू आणि हृदय दोन-तीन आठवड्यांत सरावतात, हाड मागून येते; आणि उत्साह नेमका त्याच काळात सर्वांत जास्त असतो.

आता तपासणीचे. नडगीच्या आतल्या कडेवरून, घोट्याच्या वरपासून पोटरीच्या मध्यापर्यंत, अंगठ्याने बोटबोट अंतरावर दाबत जा. दुखणे चार-सहा बोटांच्या लांबीवर पसरलेले असेल, धावण्याच्या आरंभी जाणवून अंग तापल्यावर कमी होत असेल आणि बसल्या जागी काही वाटत नसेल, तर तो बहुधा साधा नडगीचा ताण आहे. याउलट, एखाद्या नाण्याएवढ्या जागेवर दाबताच कळ येत असेल, त्या पायावर लंगडी घालता येत नसेल, चालतानाही ठणकत असेल किंवा रात्री झोपेत जाग येत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्यावी लागते. अशा वेळी हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा : पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ही चीर एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते. ‘फोटोत काही नाही’ एवढ्यावर निर्धास्त होऊन धावायला लागू नका. चीर निघाली तर नडगीला भरून यायला साधारण सहा ते आठ आठवडे किंवा त्याहून अधिक काळ लागतो, म्हणजे तुमची ही शर्यत संपली.

विदर्भातल्या माणसाने हाडांच्या दुखण्याबाबत आणखी एक चौकशी करावी, ती म्हणजे सिकलसेलची. पूर्व विदर्भात आणि आपल्या यवतमाळ-वर्ध्याकडेही अनेक समाजांत हा रक्ताचा आनुवंशिक दोष आढळतो, आणि कित्येकांना आपण वाहक आहोत याचा पत्ताच नसतो. प्रत्यक्ष आजार असलेल्यांत हाडे दुखणे हे मुख्य लक्षणांपैकी एक आहे. तेव्हा घरात कोणाला तो असेल तर नडगीचे खापर लगेच धावण्यावर फोडू नका. वाहक व्यक्ती बहुधा ठणठणीत असते, धावूही शकते. पण उन्हात, पाणी कमी पडलेले असताना, एकदम सर्व शक्तीने धावल्यास तिचे स्नायू निकामी होऊन जिवावर बेतल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. प्राथमिक चाचणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते आणि तीत दोष आढळल्यास इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ताची पुढची चाचणी करून वाहक की रुग्ण हे निश्चित होते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केल्यापासून या तपासणीला जोरही आला आहे. भरतीची तयारी करणाऱ्या प्रत्येक मुलाने ती करून घ्यावी, असे मला वाटते.

दुखणे साधे निघाले तर पाच आठवडे पुरेसे आहेत, मात्र अट एकच : शर्यत पूर्ण करणे एवढेच उद्दिष्ट ठेवायचे. तीन आठवड्यांच्या खंडाने दम काहीसा उतरतो, पण वर्षानुवर्षांची कमाई धुऊन जात नाही. पहिल्या आठवड्यात दिवसाआड अर्धा तास, एक मिनिट संथ धाव आणि दोन मिनिटे चाल, असे करा. दुसऱ्या दिवशी सकाळी नडगी कालच्यापेक्षा जास्त दुखली नाही तरच पुढची पायरी. नंतर धावण्याची मिनिटे वाढवत न्या, दिवस वाढवू नका. आठवड्यातून तीन-चारच दिवस धावा आणि मधल्या दिवशी सायकल चालवा. गावाहून तालुक्याला सायकलने जाऊन येणे हा हाडांवर आघात न करता दम टिकवण्याचा उत्तम मार्ग आहे, आणि पेट्रोलही वाचते. लांबची धाव शर्यतीच्या दोन आठवडे आधी १४-१५ किलोमीटरवर पोहोचली तरी भरपूर झाली. त्या आधी २१ किलोमीटर ‘करून बघण्याची’ मुळीच गरज नाही. शेवटच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणा.

याच्या जोडीला ओट्याच्या किंवा पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा सावकाश वर-खाली करण्याचा व्यायाम दिवसाआड करा, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा किंचित वाकवून. गुडघा वाकवल्यावर पोटरीचा आतला स्नायू कामाला लागतो आणि नडगीवरचा ताण बऱ्याच अंशी तोच झेलतो. पावले लांब टाकण्याऐवजी लहान व भरभर टाका. आणि पोटभर जेवा. खाणे तोडून धावणाऱ्याचे हाड भरून येत नाही.

रस्त्याचाही विचार करावा लागतो. पांदण रस्त्याची काळी माती मऊ असते असे लोक सांगतात, पण पावसाळ्यात ती बुटाला शेर-शेर चिकटते आणि हिवाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून अशा टणक होतात की अंधारात घोटा मुरगळलाच म्हणून समजा. डांबरी रस्त्याच्या कडेला उतार असतो, त्यामुळे नेहमी एकाच बाजूने धावल्यास एका पायावर जास्त भार येतो. सर्वांत बरी ती कालव्याच्या पाळीवरची मुरमाची वाट किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेचे मैदान. जानेवारीत आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या पुढेच उगवतो. तुमचे गाव जंगलाला लागून असेल तर उजाडल्याशिवाय आणि सोबतीशिवाय निघू नका. रोही (नीलगाय) एकदम आडवे आले तरी माणूस पडतो, मग वाघ-बिबट्याचे तर बोलायलाच नको.

माझा स्वतःचा एक अनुभव तुमच्या परिस्थितीच्या जवळचा आहे म्हणून सांगतो. एका वर्षी दिवाळीच्या सुमारास मला डेंग्यू झाला. ताप उतरल्यावरही अशक्तपणा कित्येक आठवडे रेंगाळला, आणि तो सरतो न सरतो तोच जिनिंगमध्ये गाड्यांच्या रांगा लागल्या. रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लटकू लागला की आमचे घरी परतायचे वेळापत्रक कोलमडते. नागपूरच्या शर्यतीपर्यंत माझी सर्वांत लांब धाव जेमतेम १२ किलोमीटरची झाली होती. म्हणून मी अगदी मागच्या रांगेत उभा राहिलो आणि पहिल्या किलोमीटरपासूनच चार मिनिटे धावायचे, एक मिनिट चालायचे, असा नेम धरला. सुरुवातीला हे फार अवघड जाते, पायांसाठी नव्हे तर मनासाठी. ताजे असताना चालावे लागते, शेजारून शाळकरी पोरे पुढे जातात, एक काका तर माझ्या पाठीवर थाप मारून ‘चला, चला, आत्ताच थकले का’ म्हणून गेले. उड्डाणपुलाच्या चढावर मी चालत होतो तेव्हा भरतीच्या तयारीतली पाच-सहा मुले, एकसारखे गंजीफ्रॉक घातलेली, आरोळ्या ठोकत निघून गेली.

पंधराव्या किलोमीटरनंतर चित्र पालटले. ऊन वर आले होते, पाण्याच्या टेबलांपुढे कागदी पेल्यांचा आणि केळीच्या सालींचा चिखल झाला होता. त्या मुलांपैकी दोघे दुभाजकावर बसलेले दिसले. एकाने बूट काढला होता आणि दुसरा त्याचा पाय मांडीवर घेऊन पोटरी चोळत होता. चपळाईत ते माझ्या दसपट होते. माझा नेम मात्र शेवटच्या दोन किलोमीटरपर्यंत टिकला, आणि दुसऱ्या दिवशी मी खुर्चीवर बसून कापसाच्या पावत्या जुळवू शकलो. वेळ सांगण्याजोगी नव्हती. किलोमीटरला ७ मिनिटे धरली तर हाफ मॅरेथॉन सुमारे २ तास २८ मिनिटांत होते. तुम्ही यापेक्षाही सावकाश जायला हरकत नाही. ३ तासांत संपवायचे तर किलोमीटरला साडेआठ मिनिटे मिळतात आणि त्यात चालणे सहज बसते. आयोजकांनी ठरवलेली कमाल वेळ तेवढी आधी पाहून घ्या.

शर्यतीच्या दिवसासाठी काही सूचना. आदल्या रात्री तर्रीच्या वाटेला जाऊ नका. वरण-भात-पोळी पुरे, तर्री-पोहे शर्यत संपल्यावर खा. नवे बूट किंवा आयोजकांनी दिलेला नवा टी-शर्ट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. तहान लागेल तसे पाणी प्या. भीतीपोटी प्रत्येक टेबलावर पोटभर साधे पाणी पिल्यास रक्तातील मीठ घातक पातळीपर्यंत उतरू शकते. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते, ते अर्ध्या बाटलीत ओतू नका. आणि सर्वांत महत्त्वाचे, शर्यतीच्या सकाळी दुखणे मारण्यासाठी गोळी घेऊ नका, आदल्या दिवशी गावातल्या दवाखान्यात ‘सुई’ही टोचून घेऊ नका. आपल्याकडे हा प्रकार सर्रास चालतो. डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी औषधे घाम गळत असताना मूत्रपिंडावर ताण आणतात, शिवाय थांब म्हणून सांगणारी नडगीची कळही दाबून टाकतात. ती कळ एका जागी येऊन प्रत्येक पावलागणिक वाढू लागली, तर विसाव्या किलोमीटरलाही बाजूला व्हा आणि मागून येणाऱ्या गाडीत बसा.

राहिला पैशांचा प्रश्न. बहुतेक शर्यतींत नोंदणी शुल्क परत मिळत नाही, पण २१ ऐवजी १० किलोमीटरच्या गटात बदल करून देण्याची सोय काही ठिकाणी असते. तेव्हा आयोजकांना आजच ई-मेल करा, कारण त्याची मुदत पुष्कळदा शर्यतीच्या महिनाभर आधीच संपते. नडगीने चौथ्या आठवड्यापर्यंत साथ दिली नाही आणि गटही बदलून मिळाला नाही, तर तुमचा बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद, मित्राला देऊन टाकण्याचा मोह आवरा. त्यावर रक्तगट आणि घरचा फोन नंबर तुमचा असतो. वाटेत तो कोसळला तर डॉक्टरांच्या हाती चुकीची माहिती पडेल आणि फोन तुमच्या आईला जाईल.