बाळाकडे बघायला दहा जण आहेत

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

सूनबाई माहेरी गेली, आठवा सरत आला, आणि तू विचारतोयस की मावशी, त्या वेळी मी करायचं काय? बरं झालं विचारलंस. बहुतेक नवरे बाहेर येरझाऱ्या घालतात आणि पेढे कुठले आणायचे याची चर्चा करतात. लेबर रूममध्ये सिस्टर म्हणून आयुष्य काढलं मी, म्हणून हक्काने लिहिते.

आधी दवाखान्यात जाऊन विचार, नवऱ्याला आत सोडतात का. २०१७ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'लक्ष्य' कार्यक्रमात बाळंतपणाच्या वेळी बाईजवळ तिचं माणूस असावं असं ठरलेलं आहे. पण एका खोलीत चार खाटा असल्या की बाईमाणसालाच सोडतात. मग आई की बहीण, हे तिचं तिने ठरवायचं. तुझ्या आईने नाही, तूही नाही.

पहिलटकरणीला वेळ लागतो. पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यावर कळांना खरा जोर चढतो, आणि तिथून पुढे दहा-बारा तास गेले तरी त्यात नवल नाही. दर अर्ध्या तासाला 'अजून किती?' विचारून डॉक्टरांना भंडावू नकोस. पण पाणी गेलं, अंगावरून रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर कळांची वाट न बघता निघायचं. गाडी नसेल तर १०२ किंवा १०८.

आत गेलास तर कंबर दाबून दे, घोट घोट पाणी पाज, कुशीवर वळायला हात दे. 'थोडं सहन कर' एवढं मात्र म्हणू नकोस. ती तुला वाट्टेल ते बोलेल, ते मनावर घ्यायचं नाही. आणि स्वतः खाऊन जा. चांगले धट्टेकट्टे गडी उपाशीपोटी धाडकन पडतात, मग आम्हाला एकाचे दोन पेशंट.

सिझर करावं लागलं, तर 'नॉर्मल का नाही झाली?' हा प्रश्न तिच्या कानावर जाऊ देऊ नकोस. पाहुण्यांना दारातच उत्तर दे.

आता खरं सांगायचं ते. बाळ आलं की सगळं घर बाळामागे धावतं. नाक कुणाचं, रंग कुणाचा, फोटो काढा. तू तिच्या खाटेशी थांब. वार, म्हणजे प्लॅसेंटा, पडल्यानंतरचे पहिले दोन तास बाळंतिणीला सगळ्यात जपायचे असतात, कारण जास्तीचा रक्तस्राव बहुतेक तेव्हाच होतो. पॅड तासाभराच्या आत भिजला, घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, की लगेच सिस्टरला हाक मार. 'दमलीय, झोपू दे' म्हणून गप्प बसू नकोस. त्या झोपेला आम्ही सिस्टर घाबरतो.

बाळाला तासाभरात छातीशी लावायचं. पहिला पिवळसर चीक वाया घालवायचा नाही. कुणीतरी मधाचं बोट किंवा उगाळलेलं सोनं घेऊन येईलच. 'डॉक्टर नको म्हणालेत' असं सांगून मोकळा हो. वाईटपणा डॉक्टरांवर ढकलावा, त्यांना सवय असते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती कारण नसताना रडेल. डिंकाचे लाडू येतील, अळिवाची खीर येईल; झोप झाली का, हे कुणी विचारणार नाही. ते तू विचार. हे रडू साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही राहिलं, किंवा बाळ नकोसं, जगणं नकोसं असं काही ती बोलली, तर दृष्ट काढत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आणि दारं-खिडक्या लावून शेगडीचा धूर करू देऊ नकोस; धुराने बाळाच्या छातीला त्रास होतो.

सुट्टी दवाखान्यातच संपवू नकोस. तिथे आम्ही असतो. घरी आल्यानंतरच्या रात्रींसाठी ती राखून ठेव. रात्री दुपटं बदलायला उठलास की सासूबाई म्हणतील, 'राहू द्या जावईबापू, मी आहे ना.' तरी उठायचं.

तुझी,
मावशी