बोर्हेस वाचायला घेताना

दारव्हा, जि. यवतमाळ

प्रिय स्नेही,
सप्रेम आशीर्वाद.

तालुक्याच्या वाचनालयात अर्जेंटिनाचे कथाकार होर्हे लुईस बोर्हेस यांच्या कथांचे इंग्रजी भाषांतर तुला मिळाले, परंतु त्यांतील ग्रंथांच्या आणि तत्त्वज्ञांच्या नावांनी तुझी उमेद खचली, हे पत्रावरून कळले. पुस्तक इतक्यात परत करू नकोस. त्या ग्रंथांपैकी कित्येक कुठेच अस्तित्वात नाहीत. जो विचार तोंडी काही मिनिटांत सांगता येतो त्यासाठी ५०० पाने खर्ची घालण्यापेक्षा तसा ग्रंथ आधीच लिहिला गेला आहे असे मानून त्याचे टिपण द्यावे, अशी आपली रीत त्यांनी १९४१ च्या संग्रहाच्या प्रस्तावनेतच सांगितली आहे. त्यांनी कादंबरी कधीच लिहिली नाही. तेव्हा तत्त्वज्ञान शिकलेले नाही म्हणून संकोच करू नकोस. एक कल्पना शेवटपर्यंत सोबत नेण्याचा धीर असला की पुरे.

प्रारंभ फुनेसच्या कथेपासून कर. उरुग्वेतील एका आडगावचा हा तरुण घोड्यावरून पडून कायमचा जायबंदी होतो आणि त्यानंतर त्याला काहीही विसरता येत नाही. मागून आणलेली पुस्तके आणि एक शब्दकोश यांच्या आधारे तो लॅटिन शिकतो (तूही शब्दकोश घेऊनच वाचतोस, म्हणून हा भाग तुला विशेष जवळचा वाटेल). परंतु ३ वाजून १४ मिनिटांनी बाजूने पाहिलेला कुत्रा आणि ३ वाजून १५ मिनिटांनी समोरून पाहिलेला कुत्रा एकच कसा, हे त्याला पटत नाही. वावरातील पऱ्हाटीचे प्रत्येक बोंड रोज कसे दिसत होते हे ज्याला वेगवेगळे आठवेल, त्याला यंदाचे पीक कसे आहे हे सांगता येईल का, याचा विचार कर. विचार करायचा तर भेद विसरावे लागतात, हे कथेचे मर्म आहे, आणि पाठांतरालाच बुद्धी समजणाऱ्या आपल्या शिक्षणाला ते फार खोल लागू पडते असे मला मनापासून वाटते.

‘बाबेलचे ग्रंथालय’ नंतर वाच. प्रत्येकी ४१० पानांच्या पुस्तकांनी भरलेल्या त्या षट्कोनी दालनांचा लेखक स्वतः ग्रंथालयात नोकरी केलेला होता. एका बैठकीत एकच कथा वाच आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा वाच.

फुनेस सुखी होता की दुःखी, याविषयी माझे मत मुद्दाम लिहीत नाही. दोन्ही वाचने झाल्यावर तुझे मत आधी कळव.

तुझा,
सर